ज्येष्ठमध आणि दांडीची गिटार

मोहसीनने पुण्याहून जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली तेव्हा अन्सारभाईंनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "हिची किक ह्या बाजूला का?"

"अब्बा, किक न्हाई ती. दांडी हाय. तार छेडायची आन् दांडी हलवायची. सूर पान्यावानी हलतो."

"हलतो?" जुन्नरला जुन्या स्टँडमागे अन्सारभाईंचं मोटारसायकलींचं गॅरेज होतं. हलणाऱ्या वस्तू हलायच्या थांबवणं हाच त्यांचा आयुष्यभराचा धंदा. "आपल्याकडं लोक हलतंय म्हून गाडी आनत्यात, बेटा. आन् तू हलतंय म्हून गिटार आनलीस."

आतून मोहसीनची आई नूरजहाँ म्हणाली, "आनलीय तर वाजवू द्या की त्याला. तुमच्या हॉर्नपरीस बरीच वाजंल."

मोहसीन दिवसा वडिलांच्या हाताखाली काम करी आणि लग्न, हळद, साखरपुडा, वाढदिवस असेल तिथे दादाभाऊंच्या गाण्याच्या पार्टीत वाजवी. पार्टी लहान होती. दादाभाऊ गात, बहिरू ढोलकी वाजवी, आणि पेटीवाला भिका चाकणच्या कंपनीत कायम झाल्यापासून पेटीची जागा रिकामी होती. त्या जागेवर मोहसीन गिटार घेऊन बसला होता. बसला होता म्हणजे दादाभाऊंनी बसू दिलं होतं. पार्टी त्यांची होती, स्पीकर त्यांचे होते आणि फ्लेक्सवरचा फोटोही त्यांचाच होता.

फ्लेक्सवर दादाभाऊंच्या फेट्याखाली ‘काळी चारचा बुलंद आवाज’ अशी अक्षरं होती. पेटीच्या काळ्या पट्ट्यांतली चौथी ती काळी चार. एवढ्या उंचावर सा लावून गाणारा पुरुष म्हणजे छातीचा माणूस, असं जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत मानतात. गाणं कसं झालं हे लोक नंतर विचारतात. कोणत्या पट्टीत झालं हे आधी. दादाभाऊंनी साठी ओलांडली तरी काळी चार सोडली नव्हती. मात्र काळी चारने त्यांना सोडायला सुरुवात केली होती. भिकाच्या पेटीच्या शेवटच्या दिवसांत तिसऱ्या गाण्यालाच आवाज चिरू लागला, तेव्हा त्यांनी घसा बसल्याचं जाहीर केलं आणि काही आठवडे घरी विश्रांती घेतली.

त्या विश्रांतीचा विषय घरात पुन्हा कोणी काढला नाही. त्या काळात दादाभाऊंनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले होते. तिखट कुठे आणि हळद कुठे हे त्यांच्या बायकोला, झुंबरबाईंना, आपल्याच घरात विचारावं लागत होतं.

मग गिटार आली आणि दादाभाऊंचा आवाज परत आला. पहिली दोन गाणी जरा ओढून जात, पण पुढे आवाज असा काही मोकळा होई की ऐकणारे माना डोलावत. तरुण गायक शेवटाला दमतात, दादाभाऊ शेवटाला खुलतात, अशी ख्याती ओतूरपासून पेठ गावापर्यंत पसरली. दादाभाऊ त्याचं सगळं श्रेय ज्येष्ठमधाला देत. खिशात ज्येष्ठमधाच्या काड्या असत. दोन गाण्यांमध्ये ते एक काडी चघळत आणि मागेल त्याला एक देत. न मागणाऱ्यालाही देत.

तक्रार होती ती एकच. गिटार सुरात राहत नव्हती. पोरं "दांडी! दांडी!" असं ओरडली की मोहसीन दांडी वर ओढी, तारा शिट्टी मारल्यासारख्या किंचाळत, पोरं खूश होत, आणि तारा परत येताना जागेवर येत नसत. काही तारा सरकत, काही नाही. मग गाणं संपल्यावर न सरकलेल्या तारांना सरकलेल्यांच्या पंगतीला आणून बसवायचं काम सुरू होई. एकीला पिळलं की दुसरी बिघडे. बहिरू तेवढ्यात हातोडी काढून ढोलकी त्याच्याशी जुळवून घेई. पब्लिक कोल्ड्रिंक पिऊन येई.

ओतूरच्या एका हळदीत मुलीचा बाप स्टेजजवळ आला. "दादाभाऊ, गानं झ्याक हाय, पन ह्या पोराचं पिळनं कवा संपायचं? हळद वाळून पडाया लागली नवरीच्या अंगावरची."

दादाभाऊंनी त्या दिवशी मोहसीनला बाजूला घेतलं. "हे बघ, तू गुनी हायेस. पन ही गिटार नीट करून आन. मढच्या साखरपुड्यात मला असं पिळत बसलेलं चालायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मोहसीनने गिटार गॅरेजच्या बाकावर ठेवली. अन्सारभाईंनी पाठीमागचं झाकण खोललं. आत खाच होती, खाचेत स्प्रिंगा होत्या. त्या एका बाजूला लाकडात आणि दुसऱ्या बाजूला, तारा आणि दांडी जिला जोडलेल्या होत्या त्या घोडीत अडकवल्या होत्या. अन्सारभाईंचा चेहरा उजळला.

"अरे, हे तर शॉकअप हाय!"

"अब्बा, शॉकअप न्हाई..."

"मला शिकवू नको. पुढनं तारा वढत्यात, मागनं स्प्रिंगा वढत्यात. मधी घोडी तरंगती. खड्ड्यात गेली की हेलकावे खानार न्हाई तर काय करंल?" मग त्यांनी नीट पाहिलं आणि त्यांची नजर कठोर झाली. "हूक पाच हायेत. स्प्रिंगा तीनच. कुनाकडनं आनलीस ही? दोन स्प्रिंगा काढून इकल्या हरामखोरानं."

"तसंच येतं, अब्बा. तीनच असत्यात."

"कंपनी पाच हूक करंल आन् तीन स्प्रिंगा दील? तुला दोन चाकांच्या गाडीला एकच टायर देत्यात का?"

अन्सारभाईंनी डब्यातून ब्रेक-शूच्या दोन स्प्रिंगा काढल्या आणि रिकाम्या हुकांना अडकवल्या. मग स्क्रू पिळून सगळ्याच स्प्रिंगा ताणल्या. तरंगती घोडी मागे ओढली गेली आणि गिटारीच्या अंगाला चिकटून बसली. आता दांडी वर ओढता येत नव्हती. खाली मात्र दाबता येत होती, जोर लावला तर. अन्सारभाईंनी दांडी दोनदा दाबून पाहिली आणि हात पुसले. "आता डबलशीट जा. हलायची न्हाई."

मढच्या साखरपुड्यात पोरं "दांडी!" म्हणून ओरडली. मोहसीनने मनगटाला आधार देऊन दांडी दाबली. तारा सैल होऊन घरंगळल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि परत येताना तारा जागेवर आल्या नाहीत. या वेळी त्या खाली राहिल्या नाहीत, वर राहिल्या. मोहसीनने सवयीने बाकीच्या तारा त्यांच्या पंगतीला नेल्या. बहिरूने ढोलकी वर चढवली. दर गाण्याला हेच झालं. तिसऱ्या गाण्याच्या धृपदाला दादाभाऊंनी हात वर केला, छाती भरून घेतली, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो ऐकून मांडवाबाहेर बांधलेलं करडू ओरडलं.

लोक हसले. करडू पुन्हा ओरडलं, लोक पुन्हा हसले. दादाभाऊंनी माइक बाजूला धरून मोहसीनकडे पाहिलं. "कुठं नेलीस रं ही? काळी पाचात?"

"दादाभाऊ, आपोआप गेली."

"आपोआप बैलबी जात न्हाई." परतीच्या टेम्पोत त्यांनी निकाल सांगितला. "पेठला लगीन हाय. माज्या सुनंच्या माहेरचं. तिथं गिटार जागची हलली न्हाई तर तू पार्टीत. हलली तर मी नारायणगावचा बेंजोवाला घेनार. बेंजोला निदान दांडी नसती."

मोहसीन घरी आला तो जेवला नाही. पार्टीत बसण्यासाठी त्याने लोकांच्या गाड्या धुऊन गिटार मिळवली होती, आणि आता गिटारीमुळेच पार्टी त्याच्या हातून चालली होती.

दादाभाऊंची सून उज्ज्वला जुन्नरच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत असे. मोहसीन तिचाच जुना विद्यार्थी. ती घरात फारसं बोलत नसे, आणि बोललीच तर जेवढं खरं असेल तेवढंच बोले. त्यामुळे सासूसासऱ्यांना ती थोडी अपुरी वाटे. तिची स्कूटर सर्व्हिसिंगला दिलेली होती. ती न्यायला आली तेव्हा बाकावर पालथी गिटार आणि शेजारी पालथं तोंड करून बसलेला मोहसीन असे दोघे तिला दिसले.

"ह्या ब्रेकच्या स्प्रिंगा आहेत का?" तिने विचारलं.

"ओरिजिनल हायेत," अन्सारभाई म्हणाले. "डुप्लिकेट आपन वापरत न्हाई."

उज्ज्वलाने गिटार उलटी केली, दांडी दाबली, सोडली, आणि मोबाइलवरच्या सूर मोजायच्या ॲपकडे पाहिलं. पुन्हा दाबली, पुन्हा पाहिलं. कॉलेजात पोरांनी प्रयोग चुकवला की तिच्या कपाळावर एक बारीक आठी येई, ती आली.

"दोष मागे नाही, पुढे आहे," ती म्हणाली. मान जिथे संपते तिथे, खुंट्यांच्या अलीकडे एक पांढरी पट्टी होती. प्रत्येक तार तिच्यातल्या खाचेतून जात होती. "दांडी ओढली की तार या खाचेतून घोडीकडे सरकते. सोडली की तेवढीच परत सरकायला हवी. खाच खरखरीत आहे, तार मध्येच अडकते. मग अलीकडची तार सैल राहते आणि सूर उतरतो. दांडी दाबली तर नेमकं उलट. सूर चढतो. मढला तेच झालं."

"म्हंजे माजी चूक न्हाई, मॅडम?"

"घर्षणाची आहे."

"ग्रीस मारू?" अन्सारभाईंनी डबा उचललासुद्धा.

"नको. पेन्सिल द्या. मऊ शिशाची."

तिने ब्रेकच्या स्प्रिंगा काढून अन्सारभाईंच्या हातात दिल्या, घोडी पुन्हा तरंगती केली, आणि एकेक तार उचलून खाचेत पेन्सिलीचं शिसं घोटलं. मग दांडी ओढली, दाबली, सोडली, कितीतरी वेळा. ॲपमधला काटा दर वेळी निमूट मधोमध येऊन उभा राहिला. उज्ज्वलाला बरं वाटलं. पुस्तकातलं पान आणि बाकावरची वस्तू एकच गोष्ट सांगू लागली की तिला नेहमीच बरं वाटे. मढ सोडलं तर आजवर मोहसीन दांडी दाबत नव्हता, ओढत होता; मग आजवरच्या कार्यक्रमांत सूर कुठे जात होता, हा पुढचा प्रश्न मात्र तिने त्या दिवशी स्वतःला विचारला नाही.

पेठेचं लग्न हमरस्त्यालगतच्या कार्यालयात होतं. उज्ज्वलाचं माहेरचं गणगोत पुढच्या खुर्च्यांवर बसलं होतं. पहिलं गाणं चांगलं झालं, दुसरंही. पोरं ओरडली, मोहसीनने दांडी ओढली, तारा किंचाळल्या आणि मुकाट्याने जागेवर परत आल्या. पिळापिळी नाही, थांबणं नाही. बहिरूची हातोडी पिशवीतच राहिली. मोहसीनचा चेहरा असा खुलला होता की नवरदेवाच्या आधी त्याचेच फोटो निघाले. तिसरं गाणं काळी चार. चौथं गाणं काळी चार.

पाचव्या गाण्याला दादाभाऊंनी नेहमीसारखा हात वर केला आणि आवाज वर गेलाच नाही. निम्म्या वाटेवर फाटला. त्यांनी पाणी घेतलं. ज्येष्ठमधाची काडी घेतली. दुसरी घेतली. पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा त्याच जागी फाटला. मग त्यांनी माइक नवरदेवाच्या चुलत्याकडे दिला आणि "आता दोन शब्द" म्हणून स्वतः खाली उतरले. चुलत्याने दोन शब्दांना जेवणाची पंगत उठेपर्यंत वेळ घेतला.

घरी पोहोचल्यावर दादाभाऊ म्हणाले, "मोहसीन पास झाला. तार जागची हलली न्हाई."

"चांगलं झालं की मग," झुंबरबाई म्हणाल्या.

"तार हलली न्हाई, ढोलकी हलली न्हाई. मंग हललं कोन? मी." त्यांनी फेटा उतरवून खुंटीला लावला. "गिटार खराब व्हती तवर म्या गात व्हतो. ती सुधारली, मी संपलो. पार्टी बंद."

मोहसीनची पार्टीतली जागा अशा रीतीने पक्की झाली. पार्टी तेवढी उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाभाऊंनी डबे पुन्हा खाली काढले. या वेळी ते उंचीवर थांबले नाहीत. दुपारी त्यांनी झुंबरबाईंना भाकरी थापण्याची सुधारित पद्धत सांगितली. संध्याकाळी उज्ज्वला पेपर तपासत होती तेव्हा मागे उभं राहून पोरांची उत्तरं मोठ्याने वाचली. "हे पोरगं म्हनतंय, घर्षन म्हंजे दोन वस्तूंचं एकमेकींशी न पटनं. बराबर हाय की. मार्क का कापलं?"

ते अंघोळीला गेल्यावर झुंबरबाई सुनेजवळ येऊन बसल्या. "उज्ज्वला, त्या गिटारीला काय केलं व्हतंस ते काढ."

"आत्या, मी ती दुरुस्त केली."

"तेच म्हनते मी. ते काढ."

"पण त्याचा मामांच्या आवाजाशी काय संबंध?" उज्ज्वला म्हणाली आणि म्हणता म्हणता तिने हातातला पेपर बाजूला ठेवला. कपाळावर बारीक आठी आली.

मोहसीनच्या मोबाइलमध्ये पार्टीचे सगळे जुने व्हिडिओ होते. गॅरेजमध्ये बसून तिने ते एकामागून एक लावले आणि दुसऱ्या मोबाइलवर ॲप धरलं. मढच्या आधीचा प्रत्येक कार्यक्रम काळी चारला सुरू होत होता. दांडी ओढली की तारा जराशा उतरत, मोहसीन उरलेल्या तारा त्यांच्या बरोबरीला उतरवी, बहिरू ढोलकी उतरवी, आणि दादाभाऊ गात. शेवटच्या गाण्यापर्यंत सगळी पार्टी काळी तीनला पोहोचलेली असे. ओतूरला तर त्याच्याही खाली. कोणाला काही कळत नव्हतं, कारण सगळे एकत्रच उतरत होते.

मोहसीनने काट्यावर बोट ठेवलं. "म्हंजे दादाभाऊंचा आवाज वाढत नव्हता?"

"आवाज होता तिथेच होता. पट्टी त्याच्या भेटीला खाली येत होती."

"आन् ज्येष्ठमध?"

"ज्येष्ठमधाचा संबंध नाही."

"बाप रे," मोहसीन म्हणाला. दोन्ही तालुक्यांत निम्मे लोक दादाभाऊंच्या शब्दावर ज्येष्ठमध चघळत होते.

उज्ज्वलाने खाचा स्पिरिटने पुसून पाहिल्या. उपयोग झाला नाही. शिसं आत मुरलं होतं, आणि तारांनीही येऊन-जाऊन आपली वाट गुळगुळीत करून घेतली होती. चांगलं झालेलं यंत्र बिघडवण्याचा अभ्यासक्रम तिला कोणी शिकवला नव्हता. अखेर ती म्हणाली, "एकच मार्ग आहे. प्रत्येक गाण्यानंतर तू स्वतः तारा थोड्या थोड्या उतरवायच्या. हाताने."

"आन् दादाभाऊंनी इचारलं तर?"

"दांडीने बिघडली म्हणायचं."

"मॅडम, सगळ्या जिल्ह्यात अशी गिटार कुनाकडं नसंल. ओढा, दाबा, जागची हलत न्हाई. आन् मी तिला खराब म्हनायचं?"

"हो."

"लोकांच्या समोर?"

"लोकांसमोरच. एकट्यात म्हणून उपयोग नाही."

मोहसीनने गिटारीकडे अशा नजरेने पाहिलं की अन्सारभाईंनी त्याला चहा मागवला.

उरलं ते दादाभाऊंना तयार करणं. उज्ज्वलाला खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं सांगण्यासारखं नव्हतं. रात्रीच्या जेवणाला तिने पुष्कळ विचार करून एकच वाक्य उच्चारलं. "मामा, मी तपासलं. पेठेला गिटारीचा सूर जागचा हलतच नव्हता."

"ते ठाव हाय मला."

"आधी तुम्ही गाताना तो हलायचा."

दादाभाऊंचा घास हातात राहिला. "म्हंजे? आदी माज्या संगं चालायची, आन् पेठंला अडकून बसली?"

"अडकून बसली असं म्हणता येईल."

"अगं मंग तसं सांग की!" त्यांनी ताट पुढे ओढलं. "मी म्हनतो एवढा ज्येष्ठमध खाऊन घसा जातो कसा! गवयाच्या संगं साज चालाया पायजे. वऱ्हाड पुढं आन् घोडा जागच्या जागी, असं कुठं असतं व्हय? बोलवा त्या मोहसीनला."

झुंबरबाईंनी सुनेच्या पानात न मागता तुपाचा चमचा रिकामा केला.

येडगावला धरणाच्या काठी एका मच्छी खानावळीचं उद्घाटन होतं. पार्टी परत उभी राहिली. पहिल्या गाण्यानंतर मोहसीनने कपाळाला हात लावला, दांडीकडे रागाने पाहिलं आणि तारा उतरवल्या. दुसऱ्या गाण्यानंतर जीभ चावली आणि तारा उतरवल्या. बहिरूची हातोडी बाहेर निघाली. तिसऱ्या गाण्यापासून दादाभाऊंचा आवाज मोकळा होऊ लागला, आणि पाचव्याला त्यांनी हात वर केला तेव्हा पाण्यापलीकडून कोणीतरी शिट्टी मारली.

दादाभाऊ रंगात आले. "मंडळी, पोरगं गुनी हाय, पन ह्येची गिटार म्हंजे लग्नातला रुसलेला मामा! दर गान्याला समजूत घालावी लागती." लोक खदखदून हसले. मोहसीन मान खाली घालून समजूत घालत राहिला.

कार्यक्रमानंतर मंचरचा एक कॉलेजातला मुलगा त्याच्याजवळ आला. तोही गिटार शिकत होता. "भाऊ, राग मानू नका, पण ही दांडीवाली टाकून द्या. आमचे सर सांगतात, दांडीची गिटार सुरात राहूच शकत नाही."

मोहसीनच्या हातात त्या वेळी अशी गिटार होती की त्या सरांनी येऊन पाय धरले असते. तो म्हणाला, "व्हय. लई खराब हाय." आणि मासे न खाताच टेम्पोत जाऊन बसला.

दादाभाऊंनी हे ऐकलं होतं. ते मनाने वाईट नव्हते. माइक हातात असला की जरा वाहवत. स्टेजवर गिटार एकटी पडली होती. पोराची गिटार सुधारावी असं त्यांना फार वाटलं. सुनेने मागे पेन्सिल कुठे घोटली होती ते अन्सारभाईंनी त्यांना रंगवून सांगितलं होतं. त्यांनी मानेच्या टोकाची पांढरी पट्टी शोधून काढली. "शेवटी गळाच की हो," ते स्वतःशी म्हणाले, तोंडातली चघळून चघळून मऊ झालेली ज्येष्ठमधाची काडी काढली, आणि एकेक तार उचलून प्रत्येक खाचेत तिचा रस नीट घोळवून भरला.

पुढचा कार्यक्रम परत मढलाच होता. साखरपुड्याचं लग्न झालं होतं, करडू मोठं झालं होतं. त्यानंतरच्या सकाळी मोहसीन उज्ज्वलाच्या दारात उभा राहिला, गिटार पोटाशी धरून, आणि त्याचं तोंड पेठेच्या लग्नात होतं तसं खुललेलं होतं.

"मॅडम, मी हात लावला न्हाई!"

"कशाला?"

"तारांना! दांडी ओढली, आन् मी उतरवाया जातो तर सगळ्या तारा आदीच एकसारख्या उतरलेल्या. परत वढली, परत उतरल्या. शेवटाला काळी तीन. लोकांनी दादाभाऊंना उचलायचं बाकी ठेवलं. मॅडम, आता मी खोटं बोलत न्हाई. मी खराब म्हनतो आन् ती हाय खराब!"

उज्ज्वलाने गिटार टेबलावर घेतली आणि भिंग लावून खाचांमध्ये पाहिलं. आत तपकिरी, चिकट असं काहीतरी वाळून बसलं होतं. तिने बोट लावलं, वास घेतला, आणि खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात दादाभाऊ शेजारच्या भागूला सांगत होते, "माज्या घशाला लागू पडला तसा गिटारीलाबी पडला. काल माज्या संगं कशी चालत व्हती! सूनबाईची पेन्सिल काय कामाची न्हाई. पुस्तकी विद्या."

मोहसीनने अदबीने विचारलं, "मॅडम, साफ करायची का?"

स्पिरिटची बाटली आणि कापूस हाताशीच होता. उज्ज्वलाने बाटलीचं झाकण घट्ट बसवलं आणि ती कपाटात आतल्या बाजूला ठेवून दिली. "वाजव तशीच. आणि दांडी ओढायचीच. दाबायची नाही."

तो गेल्यावर झुंबरबाई भाजी निवडत निवडत आत आल्या. डबे त्यांच्या हातचे होते तसे परत लागले होते, हळद हळदीच्या जागी होती. "उज्ज्वला," त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "तू शिकलेली हायेस म्हून इचारते. ह्यांचं खरं हाय का गं? ज्येष्ठमधानं खरंच आवाज टिकतो?"

उज्ज्वलाने प्रश्न सगळ्या बाजूंनी तपासून पाहिला. महिन्यापूर्वी तिने मोहसीनच्या याच प्रश्नाला नाही म्हटलं होतं, आणि तेव्हा ते खरं होतं.

"टिकतो, आत्या," ती म्हणाली, आणि पेपर तपासायला बसली.